कडुलिंबाचा पाला आणि काचेची नळी

आमच्या मराठवाड्यात साप चावला असे कुणी चटकन म्हणत नाही. ‘पान लागलं’ म्हणतात. रात्रीच्या वेळी सापाचे नावही घ्यायचे नाही. ‘जनावर’ म्हणायचे, ‘लांबडं’ म्हणायचे. पान लागलेल्या माणसाला उचलून मारुतीच्या पारावर आणायचे, त्याच्या तोंडात कडुलिंबाचा पाला द्यायचा आणि विचारायचे, “कडू लागतंय का?” कडू लागले तर विष चढले नाही, कडू लागले नाही तर चढले. मग मांत्रिक, मग उतारा आणि सगळ्यात शेवटी दवाखाना. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मी तीस वर्षे वैद्यकीय अधिकारी होतो. माझ्याकडे आलेल्या कित्येक रुग्णांच्या दातांत पाल्याचा हिरवा चोथा अडकलेला असायचा.

तरुणपणी मला या पाल्याचा राग येई. त्याने विष कळत नाही हे खरेच आहे, आणि त्यात मोलाचा वेळ जातो हेही खरे. पण निवृत्तीनंतर जुन्या नोंदी आणि वैद्यकाचा इतिहास वाचत बसलो, तेव्हा त्या पारावरच्या परीक्षेत एक गोष्ट होती आणि माझ्या दवाखान्यात ती नव्हती, असे लक्षात आले. ती परीक्षा सगळ्यांसमोर होत असे. माझा दरवाजा मात्र बंद असे.

खेड्यातल्या दवाखान्यात रुग्ण सुरक्षित कसा राहतो, आणि त्याला हात लावणारे डॉक्टर, सिस्टर, शिपाई सुरक्षित कसे राहतात, हे दोन प्रश्न आपण वेगवेगळे धरतो. पहिला प्रश्न औषधांचा समजतो, दुसरा पोलिसांचा. ते दोन्ही एकच आहेत असे मला आता वाटते. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

१

अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून मी नांदेड जिल्ह्यातल्या एका डोंगरी केंद्रावर रुजू झालो, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. साल १९८८. पावसाळ्यातली पहाट. एक बाप नऊ वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन आला. “सायेब, लेकराच्या पोटात दुखायलंय. रातच्यापासून कण्हायलंय.” सापाचे नाव नाही, जखम नाही, सूज नाही. मुलगी जमिनीवर गोधडी टाकून झोपली होती. तिच्या पापण्या मिटत होत्या आणि ती झोपेने मिटत नव्हती. पाठ केलेले पुस्तक आठवले : मण्यार. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. चाव्याची खूण दिसतेच असे नाही, दुखतेच असेही नाही. पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, मग गिळणे थांबते, मग श्वास.

कपाटात प्रतिविषाच्या पाच-सहा कुप्या होत्या. त्या मी उघडल्या नाहीत. घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेले ते औषध देताना रुग्णाला एकाएकी तीव्र ॲलर्जी येऊ शकते, रक्तदाब कोसळू शकतो, हे मला माहीत होते. ते आले तर काय करायचे हेही पुस्तकात वाचले होते, पण हाताने कधी केले नव्हते. बाहेर तोवर पंचवीस-तीस माणसे जमली होती. ‘माझ्या हातून काही झालं तर?’ एवढाच विचार मनात होता. मी चिठ्ठी लिहिली : पुढील उपचारासाठी नांदेड. एक जीप मिळाली. मुलगी वाटेतच गेली.

दुपारी ती जीप परत आमच्या दारात आली. खिडक्या फुटल्या. आमच्या शिपायाच्या कपाळावर दगड बसला, सात टाके पडले. सिस्टरांनी बाळंतिणीच्या खोलीचे दार आतून लावून घेतले, कारण आत एक बाई कळा देत होती.

संध्याकाळी काचा गोळा करताना सिस्टर म्हणाल्या, “साहेब, आपण घाबरलो ते त्यांनी पाहिलं होतं.” त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. पुढे त्या काहीच बोलल्या नाहीत.

त्या कुप्या दिल्या असत्या तर मुलगी वाचली असती असे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांशी एकदा बसले की प्रतिविषाचा जोर तिथे कमी पडतो. पण श्वास थांबला तर रबरी फुग्याने तो चालू ठेवता येतो. त्या फुग्याला आम्ही अम्बू बॅग म्हणतो. केंद्रात एक अम्बू बॅग होती. खोक्यात होती. जीपमध्ये नव्हती, आणि ती दाबणारे कुणी त्या जीपमध्ये नव्हते.

२

श्वासाकडे पाहा, हे शिकवणारी एक मोठी लढाई आमच्याच जुन्या संस्थानात होऊन गेली होती, हे मला फार उशिरा कळले. आजचे नांदेड आणि लातूर जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. वैद्यकाच्या इतिहासात ते ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ म्हणून ओळखले जातात.

प्रश्न रुग्णाच्या जिवाचा होता. क्लोरोफॉर्म देताना टेबलावर माणसे अचानक मरत. आधी हृदय थांबते की आधी श्वास, यावर वाद होता. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत असे, की भूल देणाऱ्याने नाडी सोडून फक्त श्वासाकडे लक्ष ठेवावे. श्वास नीट चालला तर धोका नाही. पहिल्या आयोगाने प्राण्यांवर प्रयोग करून तेच सांगितले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी खर्चाला एक हजार पौंड दिले आणि ‘लॅन्सेट’च्या वतीने लॉडर ब्रंटन हे नामवंत औषधशास्त्रज्ञ हैदराबादेत आले. दुसऱ्या आयोगानेही लॉरींचीच बाजू उचलून धरली. याच काळात हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत तयार झालेल्या रूपाबाई फर्दूनजी क्लोरोफॉर्म देण्यात तरबेज झाल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

आयोगाचा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की हलक्या भुलेतही क्लोरोफॉर्म थेट हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकतो. म्हणजे लॉरी चुकले. पण औषध देणाऱ्या माणसाने दुसरे काहीही न करता रुग्णाच्या श्वासावर डोळा ठेवायचा, ही त्यांची सवय चुकीची नव्हती. सिद्धान्त मोडला, सवय टिकली. निदान पुढे बदलेल, औषध बदलेल. पण रुग्णाजवळ एक माणूस बसवायचा आणि त्याने श्वास मोजत राहायचा, हे कोणत्याही काळात खरेच राहते. माझ्या जीपमध्ये तो माणूस नव्हता.

३

दुसरी गोष्ट थेट सुईची. पूर्वी आमच्याकडे येणाऱ्या प्रतिविषाच्या खोक्यांवर परळच्या हाफकिन संस्थेचे नाव असे. ज्यांचे नाव त्या संस्थेला १९२५ साली मिळाले, त्या वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना ती लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. हे एकोणीसही एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन.

चौकशी झाली आणि ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पण टोचणीच्या जागी काय घडले, याची नोंद राहिली होती. बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच बाटली उघडली गेली. त्याच प्रयोगशाळेतून आलेल्या बाकीच्या बाटल्यांनी कुणालाही धनुर्वात झाला नव्हता. हे सगळे मांडून, रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये लिहून, १९०७ साली हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला. पाच वर्षे गेली होती.

या गोष्टीत मला तीन गोष्टी दिसतात. एक, जमिनीवर पडलेला चिमटा एकोणीस माणसे मारू शकतो. मोठी यंत्रे नंतरची, आधी उकळलेले पाणी. दोन, बाटलीचा क्रमांक लिहिलेला होता म्हणून सत्य सापडले. तीन, दुर्घटना झाली की माणसे आधी माणूस शोधतात, कारण नंतर.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे काचेच्याच सिरिंज होत्या. सकाळी स्टोव्हवर स्टीलचा डबा चढे, पाणी खळखळू लागल्यावर सिस्टर घड्याळ पाहत आणि पूर्ण वीस मिनिटे झाल्याशिवाय झाकण उघडू देत नसत. ओट्यावर रांग लागलेली असे, लोक कुरकुरत, “एका सुईला एवढा वेळ?” बाहेर, बाजाराच्या गावी, एकाच सुईने दहा-दहा जणांना टोचणारे ‘डॉक्टर’ होते आणि त्यांच्याकडे रांग लवकर सरके. पुढे एकदाच वापरून फेकायच्या सुया आल्या, एचआयव्हीची भीती आली, १९९८ साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. तोवर धोका रुग्णाच्या दंडातून सफाई करणाऱ्या मावशींच्या बोटात आला होता. उघड्या बादलीत टाकलेली सुई तिलाच टोचते. सुईवर पुन्हा टोपण बसवायचे नाही, वापरल्या क्षणी कापून जाड डब्यात टाकायची, हा नियम रुग्णासाठी आहे की मावशींसाठी? दोघांसाठी. कापलेली सुई कुणालाच दुसऱ्यांदा टोचता येत नाही.

४

माझ्या भीतीवरचा उतारा मात्र मला मराठवाड्यातल्याच माणसांच्या कामातून मिळाला. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली मुले तिथे हृदय थकून, फुप्फुसांत पाणी भरून मरत. बावस्करांनी पुढे धाडण्याची चिठ्ठी लिहून हात झटकले नाहीत. ते खाटेशेजारी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास लिहीत गेले. त्या नोंदींतून प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग त्यांना सापडला आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’ने तो छापला. ज्या पत्रिकेने १८८९ साली आपला माणूस हैदराबादेत पाठवला होता, तिनेच जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखातून आलेल्या डॉक्टरचे खेड्यातले टिपण जगापुढे ठेवले.

मुखेड हा नांदेड जिल्ह्यातला बालाघाटाच्या रांगांमधला तालुका. तिथे डॉ. दिलीप पुंडे यांनी तालुक्याच्या गावीच राहून हजारोंच्या संख्येने सर्पदंशाचे रुग्ण पाहिले आणि गावोगावी जाऊन लोकांशी बोलणे हा उपचाराचाच भाग मानला. सर्पदंशाचा रुग्ण खेड्यातही वाचवता येतो, हे त्यांच्या कामामुळे आमच्यासारख्या आसपासच्या डॉक्टरांना पटले. आणि लातुरात १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले, तेव्हा मोठी शहरे सोडून डॉक्टरांचा एक गट मिळून आला होता. डॉक्टर एकटा असला की घाबरतो. चार जण असले की विचार करतो.

२००७ साली केंद्र सरकारने सर्पदंशाच्या उपचाराची राष्ट्रीय पद्धत ठरवून दिली. माझ्या पिढीच्या डॉक्टरांचे कितीतरी गैरसमज त्या कागदांनी काढले. प्रतिविषाआधी कातडीवर चाचणी घ्यायची, ही आमची जुनी पद्धत गेली, कारण पुढच्या ॲलर्जीचा अंदाज तिने येत नाही. उलट वेळ जातो. आवळपट्टी, काप, चोखणे बंद. अवयव हलू द्यायचा नाही, एवढेच. आणि रक्तासाठी एक परीक्षा, जिला काचेच्या नळीशिवाय काही लागत नाही. शिरेतले दोन मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या, साध्या काचेच्या नळीत घ्यायचे. वीस मिनिटे हलवायचे नाही. मग एकदाच नळी आडवी करायची. रक्त गोठले असेल तर घट्ट राहील. पातळच राहिले तर घोणस किंवा फुरशाचे विष रक्तात भिनले आहे. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली काचेचीही चालत नाही. दोन्हींत रक्त गोठायला हवे तसे गोठत नाही आणि परीक्षा फसते. केंद्रात अशा दहा नळ्या कपाटात ठेवायच्या, आणि कुणी त्यांत दुसरे काही भरणार नाही याची काळजी घ्यायची. खेड्यातली सुरक्षितता बरीचशी अशी असते.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे मोजायलाही आपल्याला वेळ लागला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला. २०२४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती-आराखडा काढला. २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरले आहे. मरणारे बहुतेक शेतात आणि घराच्या जमिनीवर मरतात. रात्रीची लाईट आली म्हणून मोटार चालू करायला अंधारात अनवाणी निघालेला माणूस या आकड्यांत आहे.

५

डॉक्टरवर हात उचलणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०१० साली कायदा केला. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. कायदा हवाच. माझ्या शिपायाच्या कपाळावरचे सात टाके मी विसरलेलो नाही. पण रात्री दोन वाजता चाळीस माणसांसमोर उभ्या असलेल्या सिस्टरला भिंतीवर लावलेला त्या कायद्याचा फलक वाचवत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. आमच्यासारख्या केंद्रांतून पुढे पाठवलेली माणसे शेवटी तिथेच पोहोचतात, म्हणून ती बातमी वाचताना हात थरथरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खाटा किती, माणसे किती, औषधे का नाहीत, हे विचारले गेले. पण त्याआधी एका खासदाराने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले आणि सगळ्या देशाने ते पाहिले. शौचालय घाण होते हे खरे आणि लेकरे गेलेल्या आयांचा आक्रोशही खरा. तरीही मला मुल्कोवाल आठवले. एका माणसाला खाली बसवल्याने ५३-एन क्रमांकाची बाटली सापडत नाही.

६

शेवटची गोष्ट लातूर जिल्ह्यातली, २००९ सालची. सोयाबीन काढणीचे दिवस. पस्तिशीतला शेतकरी, ढिगाखालच्या घोणशीने पायाला घेतलेला. दातांत तोच पाला. मागे तीस माणसे आणि एका पिशवीत मारून आणलेला साप. आधी ती पिशवी लांब ठेवायला लावली. मेलेल्या सापाचे डोकेही चावू शकते.

त्या दिवशी मी दार लावले नाही. रक्त काचेच्या नळीत घेतले, नळी टेबलावर उभी ठेवली आणि जमावातल्या एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याला हाक मारली. “बाबा, तुमच्याकडे घड्याळ आहे. वीस मिनिटं झाली की सांगा. तोवर नळीला कुणालाही हात लावू देऊ नका.” मग नातेवाइकांना सांगितले, की रक्त गोठले नाही तर औषध द्यावे लागेल, औषधाने अंगावर गांधी उठू शकतात, दम लागू शकतो, आणि तसे झाले तर त्यावरची सुई ही इथे भरून ठेवली आहे. ॲड्रिनॅलिनची सिरिंज त्यांना दाखवली. सिस्टरांनी अम्बू बॅग उशाशी आणून ठेवली. कोपऱ्यात वहीत सगळे लिहिले जात होते : वेळ, नाडी, श्वास, कुपीचा क्रमांक.

त्या खोलीत वीस मिनिटे कुणी बोलले नाही. म्हातारा घड्याळावर बोट ठेवून बसला होता. “झाली, सायेब.” मी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले. दारातल्या सगळ्यांनी ते पाहिले.

औषध सुरू केल्यावर दहाव्या मिनिटाला त्याच्या छातीवर गांधी उठल्या आणि तो धापा टाकू लागला. मी सलाईन थांबवले, मांडीत ॲड्रिनॅलिन दिले, थांबलो, श्वास निवळल्यावर पुन्हा सुरू केले. दारात कुणी आरडाओरडा केला नाही. म्हातारा मागे वळून लोकांना म्हणाला, “सायबानं आधीच सांगितलं व्हतं.” पूर्ण मात्रा गेल्यावर त्याला लातूरला पाठवले. गाडीत सिस्टर होत्या, अम्बू बॅग होती आणि सगळी नोंद लिहिलेला कागद होता. मूत्रपिंडांवर विषाचा परिणाम झाला, डायलिसिस करावे लागले, पण तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःच्या पायांनी घरी आला.

१९८८ आणि २००९ या दोन रात्रींत औषध बहुतांशी तेच होते. भीतीही होती. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी भीतीआधी तयारी करून ठेवलेली होती, आणि जे होणार ते लोकांना आधी सांगितलेले होते. पारावरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच मागितले होते : आमच्यासमोर करा, आम्हाला कळेल असे करा. त्यांची परीक्षा चुकीची होती. त्यांची मागणी नव्हती.

त्या सिस्टर २००९च्या आधीच निवृत्त झाल्या होत्या. पुढे एकदा भेटल्या तेव्हा त्यांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “नळी काचेचीच होती ना, साहेब? धुतलेली नव्हती ना?”

“नवी होती, सिस्टर,” मी म्हणालो.